चिचुंद्रीची डॉक्टर

त्या रविवारी सकाळी मी अजून तोंडही धुतलं नव्हतं आणि आमच्या ओट्यावर तीन बायका डोळे दाखवायला येऊन बसल्या होत्या. मला वाटलं, आईकडे ब्लाउजचं माप द्यायला आल्या असतील. अकोल्यात जठारपेठेत आमचं घर. आई मला आठवतं तेव्हापासून पुढच्या खोलीत शिलाई मशीन टाकून बसलेली आहे, त्यामुळे बायकांची ये-जा आम्हाला नवी नाही. मी दात घासत बाहेर आले, तर त्यातली एक उठून उभी राहिली, पदरानं डोळा टिपला, माझ्या तोंडाजवळ तोंड आणलं आणि म्हणाली, "डाक्टरीनबाई, हा उजवा पाहा जरासा. पानी थांबतच नाई."

माझ्या तोंडात ब्रश. मी आईकडे पाहिलं. ती सुईत दोरा ओवण्यात इतकी गढून गेली होती की जणू घराला आग लागली असती तरी तिला कळलं नसतं. बाबा खुर्चीत पेपर उघडून बसले होते. त्यांचा चेहरा दिसत नव्हता, पण पेपर थरथरत होता.

मी चूळ भरायच्या निमित्तानं आत गेले आणि आईला हाक मारली. "माप घेऊन राहिली," असं तिनं बाहेरूनच उत्तर दिलं. माप द्यायला कोणीही आलेलं नव्हतं. शेवटी बाबाच आत आले. बाबा एसटीच्या डेपोतून निवृत्त झालेले. दुसऱ्याची फजिती त्यांना जेवणानंतरच्या पानासारखी लागते. त्यांनी सगळं हळू आवाजात, मजा घेत सांगितलं. मी चार वर्षं अमेरिकेत होते. तिथे तुमची पोरगी काय करते, असं ब्लाउज शिवायला येणारी प्रत्येक बाई विचारायची. आई प्रत्येकीला सांगायची, डोळ्यांची डॉक्टर आहे. तशी ती पूर्ण खोटं बोलत नव्हती. मी पीएच.डी. केलेली, म्हणजे डॉक्टर. काम डोळ्यांवरच होतं. फक्त डोळे कोणाचे, एवढं ती सांगत नव्हती. आता दोन महिन्यांपूर्वी मी परत आले होते, अमरावतीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला लागले होते आणि शनिवारी संध्याकाळी बडनेऱ्याहून गाडी पकडून घरी येत होते. बायकांनी वार बरोबर हेरला होता.

डोळे कोणाचे, ते इथे सांगून टाकते. त्या प्राण्याला मराठीत धड नाव नाही. इंग्रजीत ट्री श्रू म्हणतात. श्रू म्हणजे चिचुंद्री आणि ट्री म्हणजे झाड, म्हणून त्याची वृक्षचिचुंद्री झाली. पण तो चिचुंद्री नाही, खार नाही आणि उंदीर तर नाहीच. दिसायला खारीसारखा, झुपकेदार शेपटीचा, फक्त नाक लांब आणि टोकदार. कुणाच्या तरी भानगडीत खुपसायलाच दिल्यासारखं. घाबरला की शेपटी बाटली घासायच्या ब्रशसारखी फुलते. उंदीर रात्री हिंडतो, त्याला नजरेचं फार पडलेलं नसतं. हा दिवसा हिंडतो, बघून उडी मारतो, आणि त्याच्या डोळ्याची घडण उंदरापेक्षा आपल्याला कितीतरी जवळची. म्हणून माणसांच्या रोगांचा अभ्यास करणारे लोक त्याला पाळतात. कोणी काविळीसाठी, कोणी मनावरच्या ताणासाठी. आमच्याकडे अभ्यास होता लांबचं न दिसण्याचा. लहान मुलांना चष्मा का लागतो आणि तो नंबर वाढत का जातो, हे शोधायचं होतं.

त्याची रीत अशी. पिल्लाच्या एका डोळ्यासमोर उणे नंबरची बारीकशी काच बसवायची. वाढता डोळा त्या काचेशी जुळवून घेतो, म्हणजे स्वतःच मागे लांब होत जातो. काच काढली की त्या डोळ्याला लांबचं धूसर दिसतं. माणसाच्या पोराला ज्याला वर्षं लागतात ते इथे काही आठवड्यांत घडतं आणि मोजता येतं. माझं काम म्हणजे रोज सकाळी त्या काचा काढायच्या, पुसायच्या, परत लावायच्या आणि ठरलेल्या दिवशी यंत्रानं नंबर मोजायचा. खरं सांगायचं तर परदेशात जाऊन मी चार वर्षं चष्मे पुसले.

ही नोकरी मला मिळाली तीही अमरावतीच्या पांढऱ्या उंदरांमुळे. एम.एस्सी. आणि पुढे पीएच.डी.ला असताना विभागाच्या मागे एका पत्र्याच्या खोलीत उंदरांचे पिंजरे होते आणि त्यांची जबाबदारी माझ्यावर होती. बाकीच्यांना ते चावायचे, मला चावत नसत. का, ते मला माहीत नाही. कदाचित मी त्यांच्याशी गप्पा मारत नसे म्हणून. माझ्या पीएच.डी.च्या मॅडमनी शिफारसपत्रात माझी हुशारी, मेहनत वगैरे लिहून शेवटी एक ओळ टाकली होती, की हिला प्राणी चावत नाहीत. मला वाटलं होतं, या ओळीनं माझं हसं होणार. निवड झाल्यावर तिथल्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी सांगितलं, बाकी सगळ्या पत्रांत सारखंच असतं, ती एक ओळ वेगळी होती.

आईला मी पहिल्यांदा फोनवर हे काम समजावलं तेव्हा तिनं मशीन थांबवलं. मग म्हणाली, "चिचुंद्री म्हंजे आपल्या मोरीत येते ते?" मी म्हटलं, ती नाही, ही झाडावरची. पण नाव ऐकूनच तिला वास आला. आमच्याकडे चिचुंद्री हे जनावर कमी आणि शिवी जास्त आहे. एखादी बाई चुरूचुरू बोलून भांडणं लावत असेल तर तिला चिचुंद्री म्हणतात. इतकी शिकलेली पोरगी समुद्रापलीकडे चिचुंद्र्या सांभाळायला गेली, हे आई चारचौघींत सांगणार कशी?

तिचं मत जरा वळावं म्हणून मी एकदा तिला सांगितलं, की या प्राण्याला मिरचीचं तिखट फारसं लागत नाही, तो आवडीनं मिरच्या खातो. आमच्या प्रयोगशाळेत मिरच्या देत नव्हते, पण हे पक्कं माहीत असलेलं आहे. आई एकदम सैल झाली. "मंग त वऱ्हाडीच म्हना की," ती म्हणाली, आणि त्या दिवसापासून अधूनमधून विचारायला लागली, की तुझी ती पोरं जेवली का. पण पुढच्याच आठवड्यात मी घात केला. मी सांगितलं, की यांची आई पिल्लांपासून वेगळी राहते, दोन दिवसांतून एकदा येते, पाच-दहा मिनिटं दूध पाजते आणि निघून जाते. आईचा जीव कासावीस झाला. अशा मायले काय म्हनावं, असं ती पुटपुटली. नंतर काही आठवून म्हणाली, "तूही त दोन दिवसाआडच फोन करतं. पाच मिनिटं." त्यानंतर मी रोज फोन करायला लागले.

तर असं सगळं असताना ओट्यावर तीन बायका बसलेल्या. मी तोंड पुसून बाहेर आले आणि सरळ सांगितलं. मी डॉक्टर आहे पण दवाखान्यातली नाही, मी जनावरांचे डोळे बघते, तेही औषध द्यायला नाही, अभ्यासाला. आई मशीनचं चाक नुसतंच फिरवत होती, खाली कापड नव्हतं. मला वाटलं, आता बायका हसतील, आईचं तोंड उतरेल. तसं काही झालं नाही. त्यातली सगळ्यात म्हातारी, जी आमच्या कोपऱ्यावर भाजीचं दुकान लावते, ती शांतपणे म्हणाली, "जनावराचे डोये पाहता येतात त मानसाचे काहून नाई? मानूस काय देव हाय?"

बाकीच्या दोघींना मी सरकारी दवाखान्यात जायला सांगितलं, तिथे सकाळी कोणत्या खिडकीशी उभं राहायचं ते बाबांनी सांगितलं. त्या गेल्या, पण जाताना आईला म्हणाल्या, की तुमची पोरगी मोठी साधी आहे, इतकी शिकून गर्व नाही, मी डॉक्टर नाही म्हणते. आईनं विनयानं मान डोलावली.

भाजीवाली आजी मात्र उठली नाही. तिला स्वतःचे डोळे दाखवायचे नव्हते. तिच्या मागे तिची नात बसली होती, नऊ-दहा वर्षांची, दोन वेण्यांची. आजी म्हणाली, हिच्या शाळेतून तक्रार आली आहे, पोरगी अभ्यासात कच्ची आहे, फळ्यावरचं उतरवत नाही, बाजूच्या पोरीच्या वहीत डोकावते. आजीच्या मते पोरगी कच्ची नव्हती, आगाऊ होती. मला तिचं काही तपासता येणार नाही, हे मी परत सांगायच्या बेतात होते, तेवढ्यात समोरून कोणीतरी गेलं आणि पोरीनं ते कोण हे बघायला डोळे बारीक केले. ते बारीक करणं मी ओळखलं.

मी तिला ओट्याच्या कडेला उभं केलं आणि रस्त्यापलीकडच्या दुकानाची पाटी वाचायला सांगितली. तिनं घडाघडा वाचली. शेजारची वाचायला सांगितली, तीही वाचली. खालचा बारीक मजकूर, उधारी बंद आहे, तोही वाचला. आजीनं माझ्याकडे विजयी मुद्रेनं पाहिलं. बाबांनी पेपर खाली ठेवला. ते म्हणाले, "हे पाट्या तिले पाठ असतीन. रोज इथंच त बसते आजीजवळ."

पोरीनं बाबांकडे जी नजर टाकली ती मला अजून आठवते. चोरी पकडली गेली होती. मग मी इकडेतिकडे पाहिलं. चौकात खांबाला एक नवा फ्लेक्स लागला होता, आदल्या रात्रीच लावलेला असावा, कारण मीसुद्धा तो तेव्हाच पाहत होते. मी म्हटलं, तो वाच. पोरीनं डोळे बारीक केले, मान तिरपी केली, जराही न थांबता म्हणाली, "वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. भाऊंना उदंड आयुष्य लाभो."

फ्लेक्स भावपूर्ण श्रद्धांजलीचा होता. भाऊंच्या फोटोला हार होता.

बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला आणि आईला मशीन सोडून पाणी आणावं लागलं. पोरगी रडवेली झाली. मी तिला म्हटलं, की तू फार हुशार आहेस, आमच्या चौकात नव्वद टक्के वेळा तुझं उत्तर बरोबरच आलं असतं. मग आजीला बाजूला बसवून सांगितलं, पोरगी आगाऊ नाही, तिला लांबचं दिसत नाही, आणि ते लपवायला तिनं अख्खी जठारपेठ पाठ केली आहे. उद्याच्या उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे ने, खऱ्या.

आजी मानायला तयार नव्हती. चष्मा लावला की नंबर वाढतो, पोरीच्या जातीला चष्मा बरा दिसत नाही, गाजर खायला घालते, असं सगळं झालं. आई मध्ये पडली. तिनं माझी अमेरिकेतली सगळी विद्या दोन वाक्यांत बसवली. ती म्हणाली, "हिनं चार वर्सं त्या जनावरांचे चष्मे पुसले. जनावरं घालून घेतात, तुही नात काहून नाई घालत?" चिचुंद्री हा शब्द तिनं अजूनही टाळला होता.

दुसऱ्या दिवशी मी अमरावतीला परतले. पुढच्या शनिवारी आले तेव्हा पोरीच्या नाकावर चष्मा होता, दोन्ही डोळ्यांना चारच्या आसपास नंबर. ती चष्म्यानं बदलली, पण मला वाटलं होतं तशी नाही. आजीच्या दुकानावर बसून ती आता गिऱ्हाइकांवर लक्ष ठेवायला लागली. पहिल्याच आठवड्यात तिनं भर गर्दीत मोठ्यानं सांगितलं, की आजी, या मावशीनं मोजून झाल्यावर पिशवीत दोन लिंबं टाकली. ती मावशी म्हणजे माझी आई होती. आईचं म्हणणं, की वर दोन लिंबं घ्यायची तिची पंचवीस वर्षांची रीत आहे आणि आजीला ती माहीत आहे. आजीचं म्हणणं, की तिला कोथिंबिरीचं माहीत होतं, लिंबांचं नव्हतं. दोघी आठवडाभर एकमेकींशी बोलल्या नाहीत. बाबा मुद्दाम रोज भाजी आणायला जाऊ लागले.

डॉक्टरांनी पोरीला रोज थोडा वेळ उघड्यावर, उजेडात खेळायला सांगितलं होतं. मी त्याला जोड दिली. एकदा लागलेला चष्मा उजेडानं जात नाही, पण लहान वयात दिवसाचा उजेड मिळाला तर नजर बिघडणं लांबतं, हे आमच्या प्राण्यांवरही पाहिलेलं आहे, असं मी आजीला समजावलं. आजीनं आभाळाकडे पाहिलं. एप्रिल होता. अकोल्याच्या एप्रिलमध्ये दुपारी कुत्रीसुद्धा नाल्यात बसतात. ती म्हणाली, तुझ्या त्या प्राण्यांना सांग, इथं येऊन खेळून दाखवा. शेवटी सकाळी शाळेआधी आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर, असं ठरलं. त्यानं गल्लीतली सगळीच पोरं बाहेर निघायला लागली आणि आमच्या ओट्यासमोर क्रिकेट सुरू झालं. खिडक्यांच्या दोन काचा फुटल्या. त्याचं श्रेयही मलाच मिळालं.

आणि याच सुमारास चिचुंद्री हे नाव गल्लीत फुटलं. कोणी फोडलं ते मी शपथेवर सांगू शकत नाही, पण बाबा त्या दिवसांत फार खुशीत होते. एका रविवारी समोरच्या घरातले काका हातात उंदरांचा पिंजरा घेऊन आले. आत एक मोठी, काळसर, चिडलेली चिचुंद्री होती आणि वासानं माझ्या आईनं खिडक्या उघडल्या. काका आदरानं म्हणाले, फेकून देणार होतो, पण म्हटलं ताईंच्या अभ्यासाला कामी येईल. मी त्यांचे आभार मानले आणि पिंजरा रेल्वे लाइनकडच्या झुडपांत नेऊन उघडला. पुढच्या रविवारी तिघांनी आणल्या. आई दारात उभी राहून सगळ्यांना परत पाठवत होती आणि मला एकदाच, वळून न पाहता, म्हणाली, की आता तुला काय सांगायचं ते तूच सांग, मी काही बोलत नाही. त्यानंतर गल्लीत माझं नाव चिचुंद्रीची डॉक्टर पडलं. शिवी म्हणून नाही. पत्ता सांगायला सोपं म्हणून.

पुढच्या फेब्रुवारीत आमच्या कॉलेजात विज्ञान दिनाला मला व्याख्यान द्यायला सांगितलं, विषय हाच. मी घरी सहज बोलले, तर आई म्हणाली, आम्ही येतो. ती ठेवणीतली साडी नेसून, बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, सकाळच्या गाडीनं मूर्तिजापूर, बडनेरा करत अमरावतीला आले. प्राचार्यांनी दोघांना पहिल्या रांगेत बसवलं. आई खुर्चीच्या टोकाशी ताठ बसली, जशी ती माझ्या शाळेतल्या बक्षीस समारंभांना बसायची.

मी चांगलं बोलले. पुस्तकी, स्वच्छ मराठीत. पडद्यावर चष्मा लावलेल्या पिल्लाचा फोटो आला तेव्हा सगळं सभागृह हसलं आणि आईनं मागे वळून पाहिलं, किती जण हसतात ते. ती काच टिकावी म्हणून भूल देऊन कवटीवर एक बारीक खुंटी चिकटवावी लागते, हेही मी सांगितलं, घाईघाईनं. शेवटी प्रश्न विचारायला सांगितलं. मागून एका विद्यार्थिनीनं विचारलं, की प्रयोग संपल्यावर त्या प्राण्यांचं पुढे काय होतं. हा प्रश्न नेहमी येतो, आणि त्याचं उत्तर आम्हा लोकांना पाठ असतं. मी म्हणाले, अभ्यासाच्या अखेरीस नियमांनुसार प्राण्यांना सॅक्रिफाइस केलं जातं आणि नेत्रपटलांचं विश्लेषण होतं. आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले.

पहिल्या रांगेतून हात वर आला. बाबांनी तो खाली ओढायचा प्रयत्न केला, पण आई उभी राहिली होती.

"सॅक्रिफाइस म्हंजे काय वं?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, म्हणजे, त्यांना अजिबात त्रास होणार नाही अशा पद्धतीनं...

"म्हंजे मारता."

"हो," मी म्हणाले.

"तू सोता मारले?"

सभागृहात दोनशे मुलं ऐकत होती. मी म्हणाले, "हो. मी स्वतः."

आई खाली बसली. प्राचार्यांनी लगेच आभार मानले, आणि आभार मानताना व्याख्यात्यांच्या मातोश्रींच्या जिज्ञासू वृत्तीचा उल्लेख केला.

बडनेऱ्याला गाडी यायला वेळ होता. मी त्यांना सोडायला स्टेशनवर गेले होते. तिघं फलाटावरच्या बाकावर बसलो, आई मध्ये. बाबांनी चहा आणला. मला वाटत होतं, खुंटीचं ऐकून तिला दुखलं असणार, किंवा लोकांत मान खाली गेली म्हणून राग आला असणार. मग ती समोरच्या रुळांकडे बघत म्हणाली, "दर पौर्निमेले विहारात आपन पंचशील घेतो. पयलं शील कोनतं हाय?"

मला येत होतं. लहानपणापासून येतं. प्राणिहिंसेपासून अलिप्त राहण्याचं. ते म्हणायच्या ऐवजी मी तिला सांगितलं, की पहिल्या वर्षी मला झोप लागत नसे, दुसऱ्या वर्षी लागायला लागली, आणि लागायला लागली याची मला जास्त भीती वाटली. परत आले त्याची बाकीची कारणं खरी होती, पण हेही एक होतं, आणि ते मी कोणाला सांगितलेलं नव्हतं. त्या अभ्यासातून काहीच निघत नाही असंही मी म्हणणार नाही, असं मी सांगितलं. लहान पोरांच्या डोळ्यांबद्दल आज जे कळतं आहे त्यातलं बरंच त्या पिंजऱ्यांतून आलेलं आहे. दोन्ही खरं आहे आणि मला त्याची बेरीज करता येत नाही.

आईनं ऐकून घेतलं. ती म्हणाली, की मारण्याबद्दल काय बोलावं ते तिला समजत नाही, कोंबडं तर आपल्या घरीही शिजतं. मग माझ्याकडे वळली.

"मी बायकांजवळ खोटं बोलली त तू चारचौघीत खरं सांगून टाकलं होतं. आज तू काय बोलली मंग? सॅक्रिफाइस."

बाबांना हसू आलं, पण त्यांनी ते चहात बुडवलं. गाडी आली. आईनं चढताना पिशवीतून डबा काढून माझ्या हातात दिला, आत शेवभाजी होती आणि वेगळ्या कागदात ठेचा. गाडी सुटताना खिडकीतून तिनं हात केला तो नेहमीसारखाच.

त्यानंतर मी वर्गात मारणे हाच शब्द वापरते. पहिल्यांदा मुलं दचकतात, आणि मग जास्त नीट प्रश्न विचारतात. आमच्या विभागातले एक सहकारी मला एकदा म्हणाले, की मॅडम, शब्द जरा कडक होतो. मी म्हटलं, माझ्या आईकडे तक्रार करा. आईनंही तिच्या बाजूनं एक दुरुस्ती केली. आता कोणी विचारलं तर ती सांगते, पोरगी जनावराचे डोळे पाहते, माणसाचे नाही, डोळे दुखत असतील तर दवाखान्यात जा. एवढं बोलून ती थांबते, आणि मग राहवत नाही म्हणून हळूच जोडते, अमेरिकेत होती.

मागच्या पावसाळ्यात मीच तिला दवाखान्यात नेलं. सुईत दोरा ओवायला तिला हल्ली दहा मिनिटं लागत होती आणि ती ते दोऱ्यावर ढकलायची, की हल्ली दोरेच धड येत नाहीत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. रांगेत ती त्याच दोन बायकांच्या मागे बसली ज्यांना मी त्या रविवारी इथे पाठवलं होतं. त्या आता दुसऱ्या डोळ्यासाठी आल्या होत्या आणि आईला कोणत्या खिडकीशी काय मिळतं ते समजावून सांगत होत्या.

ऑपरेशन नीट झालं. महिन्याभरानं तिनं मशीनवरचं कापड काढलं, बसली, आणि शिवायच्या आधी सहज म्हणून खुंटीवर लटकलेला एक तयार ब्लाउज हातात घेतला. उलटा करून शिवण पाहिली. मग दुसरा घेतला. मी तिथेच होते. तिनं तिसराही उलटा केला. बाह्यांची टीप वाकडीतिकडी गेलेली होती, काही काजं बटणाच्या समोर नव्हतीच. नजर दोन-तीन वर्षांपासून उतरत होती, म्हणजे तेव्हापासूनचे सगळेच ब्लाउज असे असणार. आणि एवढ्या वर्षांत एकाही बाईनं, भाजीवाल्या आजीनंसुद्धा, तिला एका शब्दानं सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून तिनं घरोघरी निरोप पाठवले, की जुने ब्लाउज आणून द्या, उसवून परत शिवून देते. बायका आणायला तयार नव्हत्या, चांगले तर आहेत, म्हणायच्या. शेवटी आई स्वतः पिशवी घेऊन निघाली आणि एकेकीच्या कपाटातून काढून घेऊन आली. दिवाळीपर्यंत आमच्या पुढच्या खोलीत त्या ढिगाशिवाय दुसरं काही दिसत नव्हतं. ती रोज सकाळच्या उजेडात खिडकीशी बसायची, ब्लेडनं टाके कापायची, आणि प्रत्येक ब्लाउजमागे त्याच्या मालकिणीला, ती समोर नसताना, एक शेलकी शिवी हासडायची.